कामगार कोर्टातली केस मी का काढून घेतली

“अख्खी सोड. निऱ्यांत लपवता तुम्ही लोक.”

हे शेठच्या बायकोचं वाक्य. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. जळगावातलं साड्यांचं मोठं दुकान, मागची माल ठेवायची खोली, दार अर्धं उघडं. एक पैठणी सापडत नव्हती. नऊ वर्षं मी त्या काउंटरला होते. माझ्यासोबतच्या दोघीजणींना समोर बघायला उभं केलेलं. मी साडी सोडली. हो, सोडली. त्याची किळस अजून येते, त्यांचीही आणि माझीही. परकर-ब्लाउजवर उभी होते आणि वहिनी दोन बोटांनी माझा परकर झटकत होत्या.

काही निघालं नाही. निघणार कुठून? तरी शेठ भर गिऱ्हाइकांत बोलले, “उद्यापासून येऊ नको. चोर बाई मला दुकानात नको.”

तिसऱ्या दिवशी पैठणी परत आली. चाळीसगावच्या एका लग्नाचा बस्ता बांधताना ती गठ्ठ्यात गेली होती. तो बस्ता बांधला होता वहिनींनीच. मला कुणी फोन केला नाही. त्या दोघींपैकी एकीने पिंप्राळ्यात भेटून सांगितलं, तेही इकडेतिकडे बघत.

मी कामगार कोर्टात गेले. नोटीस नाही, चौकशी नाही, काढून टाकलं. परत कामावर घ्या, असा अर्ज केला. तारखांवर तारखा झाल्या. मग शेठचे वकील तडजोडीचा कागद घेऊन आले. सोमवारपासून कामावर ये. खाली एक ओळ होती: ‘अर्जदाराची चूक मालकांनी मोठ्या मनाने माफ केली आहे.’

माफ! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

वहिनी कोर्टाच्या व्हरांड्यात गोड बोलायला आल्या. “झालं गेलं विसर गं. तुला युनिफॉर्मच्या दोन नव्या साड्या देते.”

साड्या! आणि खरं सांगते, त्यांच्यापेक्षा जास्त शिसारी मला माझ्या अर्जाची आली. मी मागत काय होते? जिथं मला नागवलं, तिथंच परत हात जोडून उभं राहायची परवानगी?

आई देवपूरहून आलेली. म्हणाली, “नोकरी भेटी ऱ्हायनी ना? मंग ले ना. तुनं काय जाई ऱ्हायनं?”

मी तिच्यावर खेकसले. तिनं जन्मभर मुकाट गिळलं, तेच मलाही शिकवत होती.

माझ्या वकीलताई म्हणाल्या, “इथं नोकरीचाच निकाल लागतो. चोर म्हटल्याचा, अब्रूचा दावा दिवाणी कोर्टात. वर्षं जातील. सगळं उघड सांगावं लागेल.”

“सांगीन.”

अर्ज मागे घेते अशी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दिली. न्यायाधीशांनी विचारलं, “कुणाचा दबाव आहे का?”

“नाही साहेब. मला तिथली नोकरीच नको.”

शेठ हसले. त्यांना वाटलं, बाई थकली.

दिवाणी दाव्यात ताईंनी ‘अपमानास्पद झडती’ असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. म्हटलं, परकर-ब्लाउजवर उभं केलं, असंच लिहा. सोवळ्या शब्दांनी अब्रू त्यांची झाकली जाते, माझी नाही.

आता समन्स गेलंय. आधी मी पिंजऱ्यात उभी राहीन आणि सगळं सांगेन, न रडता. मग वहिनींची पाळी. त्यांना विचारायचा पहिला प्रश्न मी ताईंना लिहून दिलाय: पैठणी परत आली, तेव्हा तुम्ही कुणाकुणाला सांगितलं? त्याचं उत्तर भर कोर्टात घेतल्याशिवाय मी त्यांना खाली उतरू देणार नाही.