एकटीची फुगडी

साळूबाई शिकली दुसरीपर्यंत, तीही निम्मी. पण फुगडीतलं तिच्याएवढं अख्ख्या बजाजनगरात कुणाला कळत नव्हतं. लेक बद्रीनाथ वाळूजला कंपनीत लागला, तशी ती वैजापूरकडून इकडं राहायला आली आणि महिला मंडळाच्या पंचमीच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसायला लागली. सतरा वर्षं बसली. तिच्या निकालावर कुणी हूं का चूं केलं नाय.

मग बद्रीनाथनं टीव्हीला नेट जोडलं आणि तिला बर्फावर नाचणाऱ्या बाया सापडल्या. कुठल्या कुठल्या देशाच्या, कुठल्या कुठल्या सालच्या स्पर्धा. बुटाला खाली पातं, अंगात चिमणीएवढा झगा, आणि एका पायावर अशी भिंगरी की बघणाऱ्याला घेरी यावी. साळूबाईनं पहिल्याच दिवशी ओळखलं, ही फुगडीच आहे. फक्त बिचारीला जोडीदारीण मिळालेली नाय.

निकाल मात्र तिला एकही पटेना. वीस-पंचवीस वर्षांमागचे निकाल, बक्षिसं कधीच वाटून झालेली, त्यातल्या पोरी आता बाया झालेल्या. साळूबाई दुपारचं जेवण उरकून बसायची आणि सगळं फिरवायची.

"हिला म्हणे पहिला नंबर! लई तर तिसरी. ती जांभळी पहिली."

"माय, जांभळी दोनदा पडली ना," बद्रीनाथ म्हणायचा.

"पडली. मग?"

त्या वर्षी तिची थोरली जाऊ भागूबाई मोतीबिंदू काढायला म्हणून गावाकडून आली. एक डोळा पट्टीत, दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकायचा बाकी. डॉक्टरनं टीव्ही बघू नका म्हणून सांगितलं होतं. ऐकायला काही बंदी नव्हती. भागूबाई भिंतीला टेकून बसायची आणि साळूबाई सांगायची.

"आता कोण?"

"निळ्या झग्यातली. फिरती बघ, फिरती... उडाली. पडली."

"लागलं का?"

"नाय. उठली. हिचा पहिला नंबर."

भागूबाईनं भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाली, "साळू, आठ दिस झाले ऐकते मी. जी पडती तिलाच तू नंबर देतीस."

"एकटीची फुगडी ती, आक्का. पडली तर दोष कुणाला द्यायचा? हात सोडणारी कुणी नायच."

"आन् दोघींची असती तर?"

साळूबाईनं टीव्हीचा आवाज बारीक केला.

दोघींची होती. वैजापुरात, बेचाळीस वर्षांमागं, पंचमीलाच. दोघी जावा शेवटच्या फेरीत होत्या आणि समोरची जोडी दमली होती. तेवढ्यात हात सुटले. साळूबाई बायांच्या घोळक्यात गेली, त्यांनी तिला झेललं. भागूबाई फरशीवर उताणी. परीक्षक होत्या शाळेतल्या कालिंदीबाई. त्या म्हणाल्या, भागूबाईंचा हात ढिला पडला, जोडी बाद. तालुक्यानं ते मान्य केलं. पुढं कुठल्याच पंचमीला भागूबाईच्या हातात कुणी हात दिला नाय. ती कडंला बसून गाणी म्हणायची. आवाज काय चांगला नव्हता.

"आक्का," साळूबाई म्हणाली, "तवा दारात काकासाहेब येऊन उभे राहिले होते. चुलत सासरे. माझा डोक्यावरचा पदर पडला. तो घ्यायला मीच हात सोडला."

भागूबाईनं डोळ्यावरची पट्टी चाचपली.

"मला काय सांगतीस? मी काय परीक्षक आहे? ज्यांनी बाद केलं त्यांना सांग."

कालिंदीबाई अजून होत्या. औरंगपुऱ्यात लेकीकडं, वय पंच्याऐंशी. बद्रीनाथनं सुट्टीच्या दिवशी रिक्षा करून दिली. साळूबाईला मंडळाची धास्ती होती. ही गोष्ट मंडळात गेली, तर सतरा वर्षांचे सगळे निकाल बाया उकरून काढतील आणि खुर्ची जाईल ती वेगळीच. रस्त्यात ती दोनदा म्हणाली, "बाईंना आता आठवतबी नसंल."

"मला आठवतं," भागूबाई म्हणाली.

कालिंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पदर?"

"पदर," साळूबाई म्हणाली.

"आणि मी दोष भागूबाईंना दिला होता?"

"माइकवरून," भागूबाई म्हणाली.

कालिंदीबाई खुर्चीत ताठ झाल्या. चष्मा लावला. वाचायला पुढ्यात काहीच नव्हतं, तरी लावला.

"निकाल बदलता येणार नाही. हात सुटले की जोडी बाद, मग सोडणारी कुणी का असेना. गुण शून्य." मग त्या म्हणाल्या, "पण हात साळूबाईंनी सोडला. भागूबाईंचा दोष नव्हता. असं मी जाहीर करते."

"मोठ्यानं," भागूबाई म्हणाली.

कालिंदीबाईंनी ते इतक्या मोठ्यानं जाहीर केलं, की लेक हातातलं काम टाकून स्वयंपाकघरातून बाहेर आली. समोरच्या गॅलरीतली बाईही वाकून बघायला लागली.

भागूबाईनं मान हलवली. "झालं. आता ऐक, साळू. ते शून्य इतकी वर्षं मी एकटीनं सांभाळलं. निम्मं तू घे."

"घेतलं," साळूबाई पुटपुटली.

"मोठ्यानं."