दोरीवरची नळी

शेजारचे कापड विणणारे मागवाले भाऊ झोपेत श्वास घ्यायचे विसरतात. म्हणून डॉक्टरांनी त्यांना मशीन दिलं. तोंडाला मास्क लावून झोपलं की ते नळीतून हवा देतं.

सकाळी भाऊ नळी धुतात, सुताची लड झटकावी तशी झटकतात आणि सावलीत दोरीवर टाकून खाली खुर्चीत बसतात. वाऱ्यावर नळी हलते, त्यांची मान हलते, बघता बघता मलाही गुंगी येते.

मध्यंतरी त्यांनी मास्क फरशी पुसायच्या औषधात बुडवला. वास जाईना, म्हणून मास्कशिवाय झोपू लागले. दिवसा हातात चहा घेऊन पेंगायचे.

मी म्हटलं, “साधा साबण आन् कोमट पाणी घ्या.”

“त्यानं जंतू मरत न्हाईत की, अक्का.”

“जंतू राहू द्या, तुमी मराल.”

दुसऱ्या दिवशी ते तान्ह्या नातवाचा साबण घेऊन नळावर बसले. मास्क धुतला, हुंगला, पुन्हा धुतला आणि मान डोलावली.

आता रात्रीचं ठीक आहे. पण सकाळी नळी वाळेपर्यंत खुर्चीत त्यांचा डोळा लागतोच. मी तांदूळ निवडत त्यांच्या छातीकडे बघते. ती हलेनाशी झाली की ओरडते, “ओ भाऊ!”

डोळे न उघडता ते म्हणतात, “हाय की, अक्का.”