मशीनजवळ कोण थांबणार

प्रताप नगरातल्या बागेत रोज सकाळी मी छातीवर 'टीम ब्राइड' लिहिलेला टी-शर्ट घालून फिरायला जातो. कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलर सांभाळत नोकरी काढलेला, मिशा पांढऱ्या झालेला माणूस आणि छातीवर हे. आधी लोक हसायचे, आता विचारतही नाहीत. आमच्या घरात विकतचा टी-शर्ट येणं केव्हाच बंद झालं. सूनबाई समोरच्या खोलीत टी-शर्ट छापते, आणि जो माल तिच्या पसंतीला उतरत नाही तो घरच्यांच्या अंगावर चढतो. बायको एका क्रिकेट क्लबाचा टी-शर्ट साडीवर चढवून पोळ्या लाटते. दूधवाला कुठल्याशा कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा घालतो.

माझ्या 'टीम ब्राइड'मध्ये खोट काय आहे, ते मला आजही दिसत नाही. तिने मला खिडकीशी नेऊन दाखवलं होतं. 'ब'च्या पोटात केसाएवढी आडवी रेघ होती, तिथे पांढरी शाई कमी पडली होती.

"हे कोणाले दिसणार आहे वं?" मी विचारलं.

"मले दिसलं न, बाबा," ती म्हणाली आणि मशीनवर दुसरा टी-शर्ट लावला.

अशी माणसं मला फार आवडतात. नोकरीत मी 'चालून जाते' म्हणणारे ढिगाने पाहिले आणि त्यांच्याशी भांडण्यात माझं निम्मं रक्त आटलं. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्याची जागा बळकावून, चालून जाऊ न देणारी एक मुलगी बसली आहे, याचं मला कौतुक वाटतं. तिच्या तोंडावर ते मी फारसं बोलत नाही, एवढंच.

हे मशीन कपड्यावर थेट छापतं, आपल्या घरच्या प्रिंटरने कागदावर छापावं तसं. पण काळ्या कपड्यावर रंग उठत नाहीत. आधी कपड्यावर एक पाणी फवारायचं, ते गरम दाबून वाळवायचं, मग पांढऱ्या शाईचा थर द्यायचा आणि त्यावर बाकीचे रंग. सगळा खेळ त्या पांढऱ्याचा. ती शाई जड असते, जरा उभी राहिली की गाळ खाली बसतो, म्हणून रोज हलवावी लागते. ज्या छिद्रांतून ती येते ती डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यांच्यात ती एकदा वाळून बसली की छापणारं हेडच गेलं, आणि हेड गेलं म्हणजे धंदा पुन्हा पहिल्यापासून.

आणि गाव कोणतं, तर नागपूर. मे महिन्यात इथे दोरीवर दुसरी चादर टाकेपर्यंत पहिली वाळलेली असते. तिथे त्या सुईहून बारीक छिद्रांचं काय होणार? म्हणून घरातला मोठा कूलर मशीनचा झाला. तोही मशीनकडे तोंड करून नाही, वारा थेट लागला तर शाई आणखी लवकर सुकते. तिने कूलर खोलीबाहेरच्या बोळीत ठेवला, त्याचं तोंड भिंतीकडे केलं, आणि भिंतीवर आपटून ओली हवा दमादमाने खोलीत जाईल अशी सोय केली. खोलीत ओलावा दाखवणारं मीटर टांगलं. आम्ही घरचे लोक लहान कूलरपुढे आळीपाळीने बसायला लागलो. मी चिडलो. मी चिडतोच. पण मीटर पाहून बसवलेली व्यवस्था होती, तिला नाव ठेवायला मला जागा सापडली नाही.

या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली, की तिचं माहेर तुटलं. भांडण नाही, काही नाही. पण दुभती म्हैस दारात असली की घरच्या सगळ्यांना मिळून गावाला जाता येत नाही, त्यातली गत. रोज सकाळी शाई हलवायची, हेडखालचं रबरी झाकण बोळ्याने पुसायचं, काळ्या कागदावर तपासणीच्या पांढऱ्या रेघा काढून त्या अखंड येतात का पाहायचं. हे दुसऱ्या कोणाला जमेल असं तिला वाटत नव्हतं आणि आम्ही कोणी पुढेही होत नव्हतो. मुलगा औषध कंपनीत, सदा फिरतीवर. त्यामुळे ती यवतमाळला सकाळच्या बसने जायची आणि संध्याकाळच्या बसने परत यायची. मुलगी रात्री राहत नाही म्हणून तिची आई रात्रीचं जेवण डब्यात भरून द्यायची. तो डबा ती आमच्या ओट्याशी उभ्याने खायची. मशीन आल्यापासून ती माहेरी एकदाही झोपली नव्हती.

अशात तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, आणि तेही ऐन मे महिन्यात. एकुलता भाऊ, आणि ही त्याची एकुलती बहीण, म्हणजे करवली. ती म्हणाली, "मी लग्नाच्या दिवशी सकाळी जाईन न् रात्री वापस येईन."

"हळदीले कोण उभं राहीन?" बायकोने विचारलं.

ती मशीनकडे तोंड करून झाकण पुसत बसली. तिची पाठ पाहून मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही सगळे जा. चार दिवस मी थांबतो."

झालं, घरात रणकंदन. जावई लग्नाला हवाच, सासूही हवी, पण व्याही नाही म्हणजे काय? "लोकं विचारतील, व्याही काहून नाही आले, तं का सांगू? मशीन राखून राहिले म्हणू?" बायको म्हणाली.

"तसंच सांग. खोटं काहून सांगाचं?"

व्याह्यांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही नाही आले तं मांडवात चुकल्यासारखं होईन. पण पोरगी चार दिवस राहीन, हे फार मोठं झालं."

मग माझं शिक्षण सुरू झालं. आयुष्यभर मी तोंडाने शिकवलं, हाताने शिकवलं, प्रसंगी ओरडून शिकवलं. ती शिकवायची हळू. बाटली कशी हलवायची, तर फेस न आणता. बोळा कसा धरायचा, तर रबराच्या कडेने, हेडला न लावता. रेघा तुटक आल्या तर सफाईचं बटण एकदा दाबायचं. तरी नाही आल्या तर थांबायचं आणि कारण पाहायचं. पुन्हापुन्हा दाबत बसलं तर शाईही जाते आणि नळ्यांत हवाही शिरते. शेवटी जरा चाचरत म्हणाली, "अजून एक बाबा. रागानं हात नाही लावाचा."

स्वयंपाकघरातून बायकोचं हसणं ऐकू आलं. टीव्हीचे दोन रिमोट माझ्या हातून शहीद झाले आहेत आणि स्कूटरला मी लाथ घालतो, हे आमच्या गल्लीला ठाऊक आहे.

ठरलं असं, की रोज सकाळी त्या रेघांचा फोटो मी तिला पाठवायचा. पहिल्या सकाळी रेघा अखंड आल्या. तरी हळदीच्या दिवशी तिचे फोन सुरूच. शाई हलवली का? मीटर किती दाखवते? मागे सनई वाजत होती. "हळद लागून राहिली का मशीनची चौकशी चालू आहे?" मी खेकसलो, तर ती म्हणाली, "दोन्ही चालू आहे."

लग्नाच्या दिवशी सकाळी काळ्या कागदावर पांढऱ्या रेघा निघाल्या, त्या मधूनमधून गायब. सफाईचं बटण एकदा दाबलं, पुन्हा रेघा काढल्या. तशाच. बोट आपोआप बटणाकडे गेलं, तो तिचं वाक्य आठवलं, आणि मी चक्क दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

आता फोटोचं काय? तिकडे मंगलाष्टकांची तयारी चाललेली. हा फोटो पाहिला तर ती मांडवातून उठून बस धरेल, असं मला वाटलं. आदल्या दिवशीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो पुन्हा पाठवला असता तर तिला कळलंही नसतं आणि लग्नही सुखाने पार पडलं असतं. पण खोटं रीडिंग देणाऱ्या माणसाशेजारी मी कंट्रोल रूममध्ये कधी बसलो नाही. आणि ती तर 'ब'च्या पोटातली रेघ पाहणारी मुलगी. मी तुटक रेघांचाच फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'एकदा सफाई केली. कारण शोधतो. तू मांडवातून हलायचं नाही.'

मग फोन हातात धरून बसलो. आता वाजेल, मग वाजेल. फोन आला नाही. नुसता निरोप आला, 'ठीक आहे बाबा.'

त्या तीन शब्दांनी मला जेवढं बळ दिलं तेवढं वरिष्ठांच्या शाबासकीनेही कधी दिलं नव्हतं. मी उठलो. मीटर पाहिलं, तर ओलावा तळाला. म्हणजे दुखणं मशीनचं नव्हतं. बोळीत गेलो. कूलरचा पंखा जोरात चालू, पण गवताच्या ताट्या खडखडीत कोरड्या. रात्री जरा वेळ लाइट गेली होती. आमच्यासारख्याच्या घरीसुद्धा जाते. ती परत आली तेव्हा पंखा फिरला, पण पाण्यातला पंप अडकून बसला, आणि कूलर रात्रभर खोलीत कोरडी हवा फेकत राहिला. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर पंपावर बसला होता. तो उघडला, खरवडला, फिरवून पाहिला, ताट्या भिजवल्या, खोलीच्या दारावर ओली चादर टांगली. रबरी झाकण तिने शिकवल्याप्रमाणे पुसलं. आणि थांबलो. मीटरचा आकडा चढेपर्यंत मशीनसमोर नुसता बसून राहिलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम असेल ते.

दुपारी रेघा काढल्या, त्या एकूण एक आल्या. मी त्या मोकळ्या घरात एकटाच मोठ्याने "शाब्बास!" म्हणालो. फोटो पाठवला. उत्तरात तिचा फोटो आला, हातात करवलीचा दिवा, नाकावर हळद, डोळे हसून बारीक झालेले. असा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

ती परत आली तेव्हा चपला काढून सरळ मशीनकडे गेली. स्वतः शाई हलवली, स्वतः रेघा काढल्या, कागद उजेडात नेऊन एकेक रेघ पाहिली. बायकोला ते लागलं. "यांनी सांगतलं न सारं ठीक आहे," ती म्हणाली. मला नाही लागलं. आमच्या वीज केंद्रात पाळी बदलताना सख्खा भाऊ जरी समोर असला तरी येणारा माणूस सगळे काटे स्वतः वाचतो. मग ती बोळीत गेली, कूलरमधला पंप बाहेर काढून तिने उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "हे माह्या ध्यानात कधी नसतं आलं, बाबा." आणि माझ्यासाठी यवतमाळहून पाठवलेला मानाचा शेला माझ्या खांद्यावर टाकला, 'टीम ब्राइड'च्या वरून.

संध्याकाळी मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. ती मशीनजवळ उभी राहून आईशी फोनवर बोलत होती. बोलणं दिवाळीचं होतं. पलीकडून आई बहुतेक परतीची बस विचारत असावी, कारण ती मध्येच थांबली, आणि मग हसत म्हणाली, "नाही वं आई, डबा नको भरू. मी राहीन. इथं बाबा आहेत न."