कूलर आमचे

लेकीचा साखरपुडा डोंबिवलीत, ऐन मे महिन्यात ठरला. हॉलला एसी नव्हता. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "उकडलं तर मी अंगठीपर्यंत थांबणार नाही. रिक्षा करून घरी." आणि सासूबाई बोलतात ते करतात.

तेवढ्यात दिव्याहून मुलाच्या काकांचा फोन आला. "विहीणबाय, कूलरचा टेन्शन घेव नका. कूलर आमचे."

मी सुटकेचा श्वास टाकला. तरी विचारलं, "फार आवाज करत नाहीत ना?"

ते खो खो हसले. "दोन-चार झाल्यावर पब्लिक आवाज करनारच!"

गंमत करतायत समजून मी हॉलवाल्याला त्याचे कूलर नको म्हणून कळवलं. त्यानेही ते लगेच दुसऱ्या लग्नाला देऊन टाकले.

साखरपुड्याच्या सकाळी टेम्पोतून खोकी उतरली. एकही खोकं माझ्या गुडघ्याच्या वर येईना. उघडलं तर आत गुलाबी आणि केशरी बाटल्या.

"हे लावायचे कुठे?" मी विचारलं.

"लावायचे?" काका गोंधळले. "फोडायचे!"

जावई पुढे आला. आधी घाम पुसला, मग म्हणाला, "आई, हे वाइन कूलर. वाइनमध्ये फळांचा रस आणि सोडा. परदेशात लोक उन्हाळ्यात घरीच जगमध्ये कालवून प्यायचे. अंगाला गार वाटतं म्हणून कूलर. मग कंपन्यांनी बाटलीत भरलं."

"छान. आता तुमच्या आजेसासूबाईंना गार कसं वाटायचं ते सांगा."

त्या पुढच्या रांगेत पदराने वारा घेत होत्या. रिक्षा मिळेल का, असं एकाला विचारूनही झालं होतं.

काका मात्र खरे कामाचे निघाले. बाटल्या परत टेम्पोत गेल्या आणि अर्ध्या तासात त्याच टेम्पोतून मासळी बाजारातल्या बर्फाच्या लाद्या आल्या. घमेल्यांत लाद्या, त्यांच्यामागे हॉलचे उभे पंखे. वारा गार सुटला, पण नुसता गार नव्हे.

"अगं," सासूबाईंनी नाक उडवलं, "जेवणात बोंबील आहेत का?"

"नाही हो, श्रीखंड-पुरी आहे."

"मग हा वास?"

"मुलाकडचे कूलर आहेत," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि खुर्ची घमेल्याच्या आणखी जवळ ओढली. अंगठ्या घालायची वेळ झाली तेव्हा भटजींनी त्यांना स्टेजवर बोलावलं. त्या हलल्या नाहीत.

"मुलांनाच इकडे पाठवा," त्या म्हणाल्या.

म्हणून माझ्या लेकीचा साखरपुडा स्टेज सोडून बर्फाच्या घमेल्यापाशी झाला.