डावरा कुठं जात नाय

"डावरा कुठं जात नाय. माझ्याकडून लिहून घ्या," मामा ओरडत होते. त्यांचा एक गाल गुळगुळीत झालेला, दुसऱ्यावर साबणाचा फेस, आणि हनुवटीपासून चार बोटांवर सलूनवाल्याचा वस्तरा अधांतरी थांबलेला. मामांना बोलताना मान हलवायची सवय होती. आमच्या सलूनवाल्याने जन्मात कुणाला कापलं असेल तर ते एकट्या मामांना, आणि तेही फुटबॉलच्या सीझनमध्येच.

"जाणार," बाकड्यावरून गुरुजी म्हणाले. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, बोलणं शुद्ध, तुपात तळलेलं. "पोटासाठी माणूस जातो. मीदेखील पोटासाठीच इथे आलो."

"तुमी आलात त्यात गावाचं काय नुकसान झालं? तो गेला तं गोल कोन मारंल, तुमी?"

मामा म्हणजे अख्ख्या गावाचे मामा. कोलशेतच्या खाडीकाठी आमची जी फुटबॉल टीम होती, तिचे मॅनेजर तेच, कोच तेच, चेंडूत हवा भरणारे तेच, आणि हरल्यावर दोन दिवस न जेवणारेही तेच. तरुणपणी मिठागरात राबले. मिठागर बंद पडलं तेव्हा त्या सपाट जमिनीवर त्यांनी बांबूचे दोन गोल रोवले आणि गावातल्या पोरांना जमवलं. मूलबाळ नव्हतं. टीम होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आजूबाजूला सगळं जग क्रिकेटने येडं झालेलं, आणि आम्ही चिखलात फुटबॉल खेळत होतो, ते फक्त मामांच्या भीतीने.

मीही टीममध्ये होतो. ठाण्यात कचेरीत नुकताच चिकटलेलो, आणि टीमचा राखीव खेळाडू. मला इतकं जपून राखून ठेवलं होतं की शेवटपर्यंत वापरलंच नाही.

ग्राउंड कसलं, खाडीचाच एक पदर. पुनवेला आणि अवसेला उधाण आलं की पाणी थेट गोलपर्यंत यायचं. म्हणून आमच्या मॅचेस पंचांग बघून ठरत. बाहेरच्या टीम म्हणायच्या, रविवारी खेळू. मामा म्हणायचे, रविवारी चतुर्दशी हाय, अष्टमीला या. एकदा कल्याणची एक टीम हट्टाने रविवारी आली. दुसऱ्या हाफमध्ये पाणी घोट्याला लागलं, कॉर्नरवरून चेंडू आला आणि त्याच वेळी पाण्यातून एक बोईट उडाला. त्यांच्या गोलकीपरने झेप घेऊन मासा धरला आणि चेंडू आत गेला. हे मी शपथेवर सांगतो. ज्यांना माझी शपथ माहीत आहे त्यांनी मासा थोडा लहान समजावा.

तो चेंडू मारणारा होता डावरा. उजवा पाय त्याला देवाने फक्त उभं राहायला दिलेला. डावा मात्र असा की त्याने मारलेला चेंडू आधी खाडीकडे जायचा, तिथे काहीतरी विसरल्यासारखा वळायचा आणि गोलमध्ये शिरायचा. बोलायला अगदी कमी. बापाबरोबर होडीवर जायचा, परत यायचा, खेळायचा, घरी जायचा.

आणि त्या आठवड्यात डोंबिवलीकडच्या एका कंपनीचे साहेब स्कूटरवरून ग्राउंडवर येऊन त्याच्याशी बोलून गेले होते. कंपनीची स्वतःची टीम होती. ये, खेळ, पर्मनंट नोकरी घे, कॉलनीत खोली घे. पर्मनंट हा शब्द त्या काळी आमच्याकडे देवाच्या नावासारखा, पायातलं काढून उच्चारत.

डावऱ्याने साहेबांना काय उत्तर दिलं? "बघू."

या दोन अक्षरांवर सलूनमध्ये पंधरवडा चर्चा चालली. हायकोर्टात शब्दाचा एवढा कीस पडत नाही. मामांचं म्हणणं, जाणारा माणूस 'येतो' म्हणतो, 'बघू' म्हणतो तो राहणारा. गुरुजींचं म्हणणं, राहणारा माणूस सरळ 'नाही' म्हणतो. मी म्हटलं, त्यालाच विचारू या. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून फेस लावायचा ब्रश धुऊन आणला.

तरी मामांनी विचारलंच. डावरा जाळं खांद्यावर टाकून समोरून चालला होता. "ए डावऱ्या, तू चाललास काय रं आमाला सोडून?"

डावरा थांबला. विचार केला. "बघू," म्हणाला आणि गेला.

"बघा, राह्यला," मामा म्हणाले.

"बघा, गेला," गुरुजी म्हणाले.

शेवटी निकाल सलूनवाल्याने दिला. त्याच्या मते माणसाच्या मनातलं डोक्याच्या मागच्या बाजूला असतं, आणि ती बाजू गावात फक्त त्यालाच दिसत होती. तो म्हणाला, "मामा, खरं सांगू? त्याच्या डोक्यावर दोन भोवरे हायत."

दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात हे शेंबड्या पोराला ठाऊक.

"म्हणजे दोन टीमा," गुरुजी खुशीत म्हणाले.

मामांनी टॉवेलने उरलेला फेस पुसला, अर्धी दाढी तशीच. आरशात बघितलं. मग हळूच म्हणाले, "दुसऱ्याचं नंतर. पयलं लगीन तं झालंच नाय अजून."

असं ते सुचलं. गावातल्या गावात सोयरीक करायची आमच्याकडे पूर्वापार रीत. मुलगी चार घरं पलीकडे जाते आणि जावई टप्प्यात राहतो. होडी वाहून जाऊ नये म्हणून खुंटा ठोकतात, तसा मामांनी खुंटा शोधला, आणि तो स्वतःच्या घरातलाच. त्यांच्या बहिणीची मुलगी. आमच्या गोलकीपरची सख्खी धाकटी बहीण. पोरगी चुणचुणीत, दहावी झालेली, पहाटे तीनला उठून गावच्या एकुलत्या नळावर हंडे भरणारी, बाजारात आईबरोबर मासळी विकताना गिऱ्हाइकाला असं गप्प करायची की तो भाव न करता जायचा. डावरा तिच्याकडे बघताना चेंडू चुकवतो हे टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं. डावऱ्याला विचारलं. या वेळी तो 'बघू' म्हणाला नाही. "चालंल," म्हणाला, आणि कान लाल झाले.

हळद अशी झाली की खाडीपलीकडच्या गावात लोक बेंजोच्या आवाजाने घराबाहेर आले आणि तिकडेच नाचून परत गेले. वऱ्हाडात टीम जर्सी घालून. मामांनी भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो निम्मा भाचीसाठी आणि निम्मा पुढच्या सीझनसाठी. माझ्या कानात म्हणाले, "आता कंपनी येव दे. कंपनीचा बाप येव दे."

सलूनमध्ये गुरुजींनी हार मानून मामांच्या दाढीचे पैसे भरले.

पण एक गोष्ट मामांच्या ध्यानात आली नव्हती, ती पहिल्या प्रॅक्टिसला आली. डावरा आता जावई होता. आणि गाव सगळं एकमेकांच्या नात्यातलं, म्हणजे टीममधले नऊ जण नवरीचे भाऊ, कोणी सख्खा, कोणी चुलत, कोणी मावस. जावयाला आमच्याकडे पाय लावत नाहीत. चुकून लागला तर वाकून पाया पडायचं. आता फुटबॉल खेळायचा आणि पाय लावायचा नाही, हे म्हणजे कोळंबी सोलायची आणि हात ओला करायचा नाही.

डावरा चेंडू घेऊन निघाला की पोरं वाट सोडून उभी राहायची, लग्नात हार घालताना राहतात तशी. एखाद्याचा बूट लागलाच तर तो लगेच वाकायचा, डावरा लाजून "ऱ्हाव दे, ऱ्हाव दे" म्हणत त्याला उठवायचा, तोवर चेंडू खाडीत. गोलकीपरची तर पंचाईतच. पूर्वी डावऱ्याला आईवरून शिव्या घालत त्याच्या पायांत झेप घ्यायचा. आता डावरा समोर आला की "या भावजी," म्हणायचा.

मामांचंही तेच. ज्या पोराला "ए गाढवा, पळ" म्हणून पाच वर्षं पळवला, त्याला आता लाइनवर उभं राहून म्हणावं लागायचं, "जावईबापू, जमलं तं जरा मागं येता का?"

आम्हाला वाटलं होतं, याने डावऱ्याचा खेळ बिघडेल. उलट झालं. वाटेत कुणी नसल्याने तो इतके गोल मारू लागला की त्याला सवयच लागली, आणि बाहेरच्या टीमसमोरही तो वाट मोकळी असल्यासारखाच धावायचा. त्या सीझनला आम्ही इतके जिंकलो की जिंकण्याचा कंटाळा आला. मामा दोन्ही गालांची दाढी एका बैठकीत करून घेऊ लागले.

साहेबांची स्कूटर दुसऱ्यांदा आली तेव्हा मामांनीच त्यांना घरी नेलं. तळलेले बोंबील वाढले. शत्रूला जेवायला घालण्यात जी मजा असते ती मामा पुरेपूर घेत होते.

"इचारा, इचारा त्याला," मामा म्हणाले. "आमी काय धरून नाय ठेवलेला."

साहेबांनी विचारलं. डावरा ताटाकडे बघत म्हणाला, "बघू." आणि उठून आतल्या खोलीत गेला. आत बायका जेवत होत्या, भाचीही त्यांच्यातच. थोड्या वेळाने बाहेर येऊन पुन्हा बोंबील खायला बसला. मामांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. तो आत का गेला होता हे मामांना सुचलं नाही. मलाही नाही. मीठ आणायला गेला असेल असं वाटलं.

होळी झाली आणि एका सकाळी गावात तीनचाकी टेम्पो आला. डावऱ्याच्या दारात लागला. आम्ही जमलो. डावरा कपाटाला हात घालून उभा होता, आणि चेहरा असा की जणू स्वतःच्या गोलमध्ये चेंडू मारलाय.

गोलकीपरने विचारलं, "कुठं?"

"डोंबिवलीला," डावरा म्हणाला. "कॉलनीत." आणि कपाट उचलायला वाकला.

आणि आता बघा रीत काय करते. जावई ओझं उचलतोय आणि मेव्हणे बघत उभे आहेत, हे दृश्य आमच्या गावाने पाहिलेलं नव्हतं. गोलकीपर पुढे झाला. "भावजी, सोडा. आमी हाव ना." दुसरा आला, तिसरा आला. शिव्या गिळत, नाक ओढत, सगळी डिफेन्स लाइन कपाटाला लागली. डावऱ्याला खुर्ची आणून दिली, चहा दिला. तो बिचारा खुर्चीच्या टोकावर बसून बघत होता आणि टीम त्याला स्वतःच्या हाताने डोंबिवलीला भरत होती. मीसुद्धा एक पाट नेऊन ठेवला. टीमसाठी माझं तेवढंच योगदान.

मामा सलूनमधून आले. कुणीतरी सांगितलं असणार. डावऱ्याकडे बघितलंही नाही. टेम्पोभोवती फिरले. दोरी सैल बांधली होती. "असं बांधतात काय रं?" म्हणत त्यांनी ती सोडली आणि होडी बांधतात तशी पक्की गाठ मारून पुन्हा बांधली. गुरुजी बाजूला उभे होते. आपण जिंकलो हे त्यांच्या लक्षात आलं असणार. मामांचा टॉवेल खांद्यावरून घसरला होता, तो उचलून त्यांनी नीट ठेवला, इतकंच.

मग मामा पुढे गेले. भाची ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर तुळशीची कुंडी. मामांचा आवाज ज्याने फक्त मैदानावर ऐकला असेल त्याला तो आवाज मामांचा वाटला नसता.

"बाय," ते म्हणाले, "त्याचं सोड. त्याला कुनीपन नेला असता. पन तू तं आमची. तुला त्याला धरून ठेवायला दिली होती गं. तूच घेऊन चाललीस?"

तिने कुंडी सरळ केली. पदर खोचला.

"मामा," ती म्हणाली, "तिकडं नलाला चोवीस तास पानी हाय."