‘फक्त आपण’

मंडळी, दोन महिन्यांपूर्वी मी मुख्याध्यापक होते. आता नऊ मुख्याध्यापकांची केंद्रप्रमुख आहे. तेव्हापासून आमचा व्हॉट्सॲप ग्रुप थंड पडलाय. मला वाटलं, सगळे कामात असतील.

आज मुदखेडजवळच्या एका शाळेला भेट दिली. तिथले मुख्याध्यापक कांबळे सर माझे जुने सोबती. नातीचा फोटो दाखवायला त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला, तेवढ्यात वर मेसेज आला: ‘बाई गेल्या का?’ ग्रुपचं नाव होतं ‘फक्त आपण’. मी त्यात नव्हते.

सर ओशाळले. “बाई, मनाला लावून घेऊ नका. आता तुमच्यासमोर काय बोलावं, काय न्हाई, कळंना झालंय.”

मी हसले. रागवणार कुठल्या तोंडानं? आमच्यातलेच जाधव सर केंद्रप्रमुख झाले होते, तेव्हा त्यांना वगळून नवा ग्रुप मीच काढला होता. तोच हा, आता थंड पडलेला.

घरी आल्यावर जाधव सरांना फोन लावला. निवृत्त झालेत, लातूरला असतात. किती वर्षांनी बोलत होते मी!

मी काही सांगायच्या आतच त्यांनी विचारलं, “काय बाई, नवा ग्रुप निघाला का?”