काळा ढीग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या आत्याचे आहेत. वडनेर भोलजीला तिच्या घरी राहून मी शाळा शिकलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. आता पुण्यात सुरक्षा कॅमेरे बसवतो.

बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानेनाशी झाली, तेव्हा आत्यानं शेत बटाईनं दिलं आणि गावाजवळच्या जिनिंगमध्ये कामाला लागली. गुडघे दुखायचे म्हणून मॅनेजरनं तिला कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसवलं. कापसाचा ढीग आतून धुमसतो, धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हा उष्णता टिपणारा कॅमेरा.

एका थंडीच्या सकाळी ती ओरडली, "आग लागली वो!" मशिनी थांबल्या, माणसं बादल्या घेऊन धावली. ढीग गारेगार. मॅनेजरनं सगळ्यांदेखत सुनावलं, "पुन्हा असं झालं तर घरीच बसा, बाई."

संक्रांतीला मी गेलो तर म्हणाली, "आता काही दिसलं तरी बोलत नाई, बाबू. काऊन बोलू?"

तिच्या नोकरीपेक्षा मला या गप्प बसण्याची भीती वाटली. मॅनेजरला विचारून पडदा पाहिला. त्यावर गरम ते पांढरं आणि थंड ते काळं दिसत होतं. दवानं गारठलेला ढीग काळा दिसला होता. जन्मभर कापूस वेचलेल्या बाईला पांढरा म्हणजे चांगला आणि काळा म्हणजे जळका, असंच वाटणार.

मी गरम भाग लाल दिसेल असं केलं. त्याच कॅमेऱ्याला साधं चित्र टिपणारा दुसरा डोळाही होता. पण दोन्ही चित्रं एकदम पाठवली की जुन्या लाइनवर ती अडकत, म्हणून साधं चित्र कुणी आत्याच्या केबिनमध्ये आणलंच नव्हतं. उष्णतेचं चित्र मुळात लहान, ते पूर्ण ठेवलं. साधं चित्र रेकॉर्डिंगसाठी मोठं राहू दिलं आणि आत्याच्या पडद्यासाठी त्याचा दुसरा, कमी डेटाचा हलका प्रवाह लावला. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी सुरळीत चालू लागली.

पारख करायला मॅनेजरनं गुपचूप गरम पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ढिगापाशी ठेवायला लावला. आत्यानं लाल ठिपका पाहिला, मग शेजारचं चित्र पाहिलं, पण बोलेना.

"बोल ना आत्या," मी म्हटलं.

"आग नाई साहेब, गंज हाय. आंघोळ करता का तिथं?"

मॅनेजर खो खो हसले. "बसा बाई तुम्ही इथंच."

पुण्याला पोचल्यावर मी तिला पत्र लिहिलं:

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. साधं चित्र अडकलं तर घाबरू नकोस, उष्णतेचं चालू आहे ना तेवढं बघ. गरम ट्रॅक्टर, उन्हात तापलेला पत्राही लाल दिसेल. पण ढिगात लाल दिसलं आणि कळलं नाही, तर विचार करत बसू नकोस, ओरड. खोटं निघालं तर तुला बोलण्याआधी मला फोन करायचं मॅनेजरसाहेबांनी कबूल केलंय. दहा वेळा चुकलीस तरी अकराव्यांदा ओरड.
तुझा, बाबू